उसना आवाज

लिफ्टमध्ये ती पाठ भिंतीला टेकवून उभी राहायची. कुलूप लावलं की ओढून पाहायची, थोडं पुढे जायची आणि परत येऊन पुन्हा ओढायची. चहा पार निवल्याशिवाय कपाला हात लावायची नाही. कोणतीही मालिका आधी आवाज बंद करून बघायची. म्हणायची, "तोंडं काय सांगतात ते आधी कळू दे."

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. वाहिनीवर येणाऱ्या मालिकांच्या जाहिराती ती कापायची. तासाभराच्या भागातून असा तुकडा काढायची, की बघणाऱ्याचा घास हातातच राहावा. स्वतः मात्र पालीलाही घाबरायची.

एकदा एक ब्रिटिश गुन्हेगारी मालिका आली. मोठं शहर, उंच इमारती, ओले जिने. एका मुलाच्या भावाचा खून होतो आणि मारेकरी त्याच्याही मागावर असतात. सगळे भाग तो जीव मुठीत धरून पळतो. तिकडच्या मूळ जाहिरातीत तो जिन्यात नुसता बसलेला दिसतो. वरून आई हाका मारत राहते. तो ओ देत नाही. बस, एवढंच. कात्रीला ती फार आवडली.

"आपला प्रेक्षक इतका वेळ थांबत नाही," साहेब म्हणाले. "रिमोट हातात असतो त्याच्या. तिकडे कीव चालते. इथे भीती विका."

तिने विकली. मुलगा मारेकऱ्यांकडे वळून बघतो, तो क्षण तिने उचलला. त्याच्या आधी शाळेतून सुटलेली मुलं लावली. पळणारा मुलगा सावज हेरणारा झाला. दृश्य एकही खोटं नव्हतं. वर गुंडाचं वाक्य हवं होतं. आवाज देणारा कलाकार दुसऱ्या दिवशी येणार होता. तोवर लांबी जुळवायला घरचाच आवाज लावायचा, ही तिची नेहमीची रीत. संध्याकाळी तिने फोन दिरापुढे धरला. दीर शाळेची बस चालवायचा.

"पोरं बसमधून उतरली की उचला. एकही घरी पोचता कामा नये." घोगरा आवाज काढून तो म्हणाला, आणि हसत सुटला. "वहिनी, गुंड तर केलंत. आता जोडीला एखादी नटीही द्या."

"आधी बायको मिळवा, भाऊजी."

कलाकार आला, आवाज देऊन गेला. पण वाहिनीकडे चुकून गेली ती आधीचीच, दिराच्या आवाजाची प्रत. घरी टीव्हीवर जाहिरात लागली तेव्हा दीर उडालाच. "अगं आई, हा तर मी!" कात्रीने झटकन टीव्हीचा आवाज बंद केला.

कुणीतरी त्यातला नुसता आवाज काढून घेतला. चित्र नाही, मालिकेचं नाव नाही. तो पालकांच्या फोनवर फिरला. हा आपला बसवालाच ना?

सकाळी दीर फाटक्या शर्टाने घरी आला. बस शाळेने ठेवून घेतली होती.

कात्री धावत शाळेच्या फाटकाशी गेली. "ती जाहिरात आहे हो, मीच केलीय."

एका मुलीचे वडील पुढे आले. "बाई, जाहिरातीचं सोडा. माझी पोर रोज त्याच्या मागच्या सीटवर बसते. आवाज त्याचा आहे की नाही, तेवढं बोला."

"आहे, पण..."

"झालं तर मग." ते बाकीच्यांकडे वळले. "ऐकलंत? त्याचाच आहे."

तिने साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "लोक बोलतायत ना? मग जाहिरात काढायची नाही," ते म्हणाले. "फार तर खाली खुलाशाची एक पट्टी टाका."

ती संगणकाशी बसली. दिराचं नाव घातलं, तर ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही घर सापडणार. नाही घातलं, तर विश्वास कोण ठेवणार? लिहायची, पुसायची.

फोन वाजला. दीर कुजबुजत होता. "वहिनी, खाली माणसं जमलीत. जिन्यात पावलं वाजतायत. तुम्ही येऊ नका."

ती चपला तिथेच टाकून पळाली.

दुसऱ्या दिवशीही तिची खुर्ची रिकामी होती. फोन बंद होता. जाहिरात दर तासाला लागत होती. संगणकावर पट्टी तशीच उघडी होती: "या जाहिरातीतला आवाज आमच्या घरच्या"

पुढचं लिहायचं राहिलं होतं.