चार कोपऱ्यांचा गवंडी

निजामाच्या अमलात सेनगावच्या आसपासच्या दहा-बारा गावांना मिळून एकच गवंडी होता. त्याचं नाव मी कधी ऐकलं नाही. सगळे मिस्त्रीच म्हणत. आदल्या पावसाळ्यात आमची मातीची भिंत कोसळून गाय दबली, तेव्हा आम्ही दगडाचं घर बांधायला काढलं.

मिस्त्री अख्खं घर बांधत नसे. चार कोपरे उभे करी, मधल्या भिंती घरच्यांवर सोडी आणि वाट बघणाऱ्या पुढच्या गावी जाई. लोक कुरकुरत, पण दुसरा आणणार कुठून? दगड उचलला की आधी तो अंगठ्याने त्याची कड चाचपी.

वडील शेतात असत, म्हणून आमचे कोपरे उभे करून जाताना मिस्त्रीने भिंत सरळ आहे का ते बघायचा आपला जुना ओळंबा आईच्या हातात दिला. दोरीला बांधलेला तो लोखंडी लोळा बघून आई म्हणाली, "मला जमंल का?"

"भिंत कोनाच्या हातची, ते ह्याला कळत न्हाई, बाई. दोरी दगडाला टेकू देऊ नगा, बस."

दीड महिन्याने तो परत आला. आईच्या भिंतीला ओळंबा लावून त्याने मान डोलावली. मग सहज आपल्या कोपऱ्याला लावला. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. त्याने स्वतःचे वरचे तीन थर उतरवले.

संध्याकाळपर्यंत कोपरा पुन्हा उभा राहिला. ओळंबा आईकडे देऊन तो दोन पावलं मागे सरकला.

"बघा बाई," तो म्हणाला, "बराबर हाय का."