वेंडल ट्रॉयरचं घरगुती दिवाळं

वेंडल ट्रॉयर स्वतःचे केस स्वतः कापायचा. हे त्याने न सांगताही कळत असे. मागच्या बाजूचे केस आरशात उलटे दिसतात, त्यामुळे एका बाजूला नेहमी जास्त कापले जायचे. मग तो दुसऱ्या बाजूने बरोबरी साधायला जायचा, आणि शेवटी मानेवर असं काहीतरी उरायचं की चर्चमध्ये त्याच्या मागच्या बाकावर बसणाऱ्यांचं प्रवचनाकडे लक्ष लागत नसे.

नुसते केसच नव्हे, तो सगळंच स्वतः करायचा. घर तापवायची भट्टी बिघडली की तळघरात उतरून तिचे सगळे भाग जमिनीवर मांडायचा. एकदा दाताची टोपी निघाली, तर ती त्याने गॅरेजमधल्या डिंकाने चिकटवली. ओहायोतल्या आमच्या मिलरडेलमध्ये माणसाची किंमत तो मिस्त्री किती कमी वेळा बोलावतो यावर ठरते, आणि त्या हिशेबाने वेंडल गावातला सगळ्यात प्रतिष्ठित गृहस्थ होता. पोटासाठी तो शाळेची पिवळी बस चालवायचा. ती बिघडली तरी हाच खाली शिरायचा. मुलं खिडकीतून त्याचे बूट मोजत बसायची.

मग त्याची बायको मार्लिस आजारी पडली.

दोन हिवाळे ते चाललं. विम्याने काही बिलं उचलली, काही उचलली नाहीत, आणि न उचललेली बिलं मार्लिस गेल्यावरही येत राहिली. पत्त्यावर तिचंच नाव असायचं. वेंडल प्रत्येक पाकीट उघडायचा, वाचायचा आणि स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हवर ठेवायचा. पुढे ढीग इतका झाला की मायक्रोवेव्हचं दार उघडायला आधी ढीग धरावा लागे. शेवटी हॉस्पिटलने वसुलीवाल्यांना सांगितलं, वसुलीवाले कोर्टात गेले, आणि वेंडलचा चौथा हिस्सा पगार हातात यायच्या आधीच कापला जाऊ लागला.

"दिवाळं काढतोय," एक दिवस कुंपणापलीकडून त्याने मला सांगितलं. भट्टीची जाळी बदलतोय, अशाच आवाजात.

"वकील कोण?"

"वकील कशाला? वाचनालयात अर्ज मिळतात. वाचता मला येतं."

"अरे, सही करायच्या आधी एखाद्याला दाखव तरी."

"एक वकील दिवाळं काढायला जेवढे मागतो ना, तेवढे असते तर मी दिवाळं काढलं असतं का?"

हिशेब बरोबर होता. पण त्या वाचनालयाच्याच तळघरात महिन्यातून एकदा एक वकीलबाई फुकट बसतात हे मला ठाऊक होतं. फुकट म्हटल्यावर वेंडलच्या कपाळावरची एक आठी गेली. दुसरी तशीच राहिली, कारण फुकट घेणं हेही त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी माझ्या घराची गळकी पन्हाळ तो दुरुस्त करेल आणि बदल्यात मी त्याच्यासोबत वकिलाकडे येईन, असा करार झाला. यात वकीलबाईंना काय मिळालं ते आम्ही दोघांनीही विचारात घेतलं नाही.

रेनाटा कोवाल्चिक असं त्यांचं नाव. लहान मुलांच्या पुस्तकांच्या कपाटापाशी, लहान मुलांच्याच खुर्च्यांवर आम्ही तिघं बसलो. वेंडलचे गुडघे त्याच्या हनुवटीला लागत होते. बाईंनी त्याने भरलेला अर्ज चाळला.

"नीट भरलाय," त्या म्हणाल्या. "अक्षर तर माझ्या कारकुनापेक्षा बरं आहे."

वेंडलने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पन्हाळीचा करार रद्दच झाला.

"फक्त एक विचारते. गेल्या वर्षभरात कुठल्या नातेवाईकाचे पैसे परत केलेत?"

"केलेत ना," वेंडल ताठ होऊन म्हणाला. त्या खुर्चीवर जेवढं ताठ होता येतं तेवढं. "बहिणीचे. सगळ्यात आधी तिचेच. सप्टेंबरात कॅम्पर विकला आणि एकरकमी देऊन टाकले."

कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढायची ती झोपायची खोली. दर उन्हाळ्यात तो आणि मार्लिस ती ईरी सरोवराच्या काठी नेऊन लावत. आतले पडदे मार्लिसने शिवलेले होते. विकताना तो ते काढून घ्यायला विसरला, आणि मागायला जायची त्याला लाज वाटली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढे त्या हळू बोलल्या. मास्तरीण मुलाला नापास झाल्याचं सांगते तशा नाही, त्याहून हळू.

कायद्याला सगळे देणेकरी, म्हणजे ज्यांचं तुम्ही देणं लागता ते, सारखे. दिवाळं काढायच्या आधीच्या वर्षात तुम्ही घरच्या माणसाला पैसे दिलेत, तर तो बाकीच्यांवर अन्याय धरतात. आज अर्ज गेला तर पगाराची कापणी उद्या थांबेल, घराचे हप्ते भरता येतील. पण हिशेब तपासायला कोर्टाने नेमलेला माणूस हा आकडा बघेल आणि तुमच्या बहिणीला पत्र पाठवेल. पैसे परत करा म्हणून. नाही दिले तर दावा.

"तिच्यावर?" वेंडल म्हणाला. "तिने काय केलं?"

"काही नाही. घेतले एवढंच."

"ते तिचेच होते."

"हो."

"हॉस्पिटल केवढं मोठं आहे, बाई. त्यांच्याकडे कारंजं आहे. आर्लीनकडे एक मांजर आहे."

वकीलबाई हसल्या नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या. "सगळे हेच करतात, मिस्टर ट्रॉयर. चांगली माणसं तर हमखास. आधी आपल्या माणसांचं फेडायचं, मग कंपन्यांचं बघू. तुम्ही पैसे द्यायच्या आधी आला असता ना, तर मी सांगितलं असतं की आत्ता कुणालाच देऊ नका. अर्जात बहिणीचंही नाव घाला, दिवाळं निघू दे, आणि मग पुढच्या पगारापासून तिला थोडे थोडे खुशाल देत राहा. त्याला कुणी अडवत नाही."

वेंडलने समोरच्या कपाटावरचा कापडी ससा सरळ करून ठेवला. "आणि थांबलो तर?"

"पैसे दिल्याला वर्ष होऊ द्यायचं. पुढचा सप्टेंबर संपला की अर्ज करा, मग तिला कुणी हात लावू शकत नाही. पण तोवर पगार कापला जाणार, आणि घर..." त्यांनी हप्त्यांच्या कागदावर नुसतं बोट ठेवलं. "तिला विचारून बघा. कोर्टाचा तो माणूस कदाचित थोडक्यात मिटवेलही. मला खात्री देता येणार नाही."

येत्या रविवारी आर्लीनला सगळं सांगायचं ठरवून आम्ही निघालो. मला सोबत घ्यायचं कारण त्याने असं दिलं की मी असलो की ती भांडी फेकत नाही.

आर्लीन त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, नवरा हॅरॉल्ड गेल्यापासून एकटीच राहणारी. मार्लिसच्या औषधांसाठी तिने जे पैसे दिले होते ते तिने स्वतःच्या अंत्यविधीसाठी साठवलेले होते. आमच्याकडच्या बायका हे पैसे वेगळे ठेवतात. जिवंतपणी भाचरांच्या उपकारात राहू, पण मेल्यावर चर्चमध्ये वर्गणीची पेटी फिरवून कुणी आपल्याला पुरू नये, एवढाच त्यांचा अहंकार असतो. ते पैसे तिने भावजयीसाठी काढून दिले आणि त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. आर्लीनने अवाक्षर न काढलेली ही एकमेव गोष्ट असावी.

"आलास वेंड्या? केस कुणी कापले? उंदराने?" तिने दारातच स्वागत केलं. "कोट काढू नकोस. बाहेर जायचंय."

"आर्लीन, मला जरा बोलायचंय."

"गाडीत बोल."

गाडीत तिने कुणालाच बोलू दिलं नाही. ती आम्हाला थेट अंत्यविधीच्या दुकानात घेऊन गेली. तिथला मालक तिला लांबूनच ओळखून पुढे आला, म्हणजे ही तिची पहिली फेरी नव्हती. आत, मंद दिव्यांखाली, फिकट निळ्या रंगाची एक शवपेटी होती.

"ही माझी," आर्लीन म्हणाली. "तू पैसे दिलेस त्याच आठवड्यात सांगून टाकली. पैसे भरून झाले, पावती झाली, जागा हॅरॉल्डच्या शेजारची. हात लाव, अस्तर बघ कसं आहे."

वेंडलने हात लावला.

"तुझ्या घरातल्या गादीपेक्षा बरी आहे की नाही?"

"बरी आहे."

"मार्लिसच्या वेळी तू ती तपकिरी घेतलीस ना, तेव्हाच मी ठरवलं. तपकिरी नको. मार्लिसला शोभली, तिला काहीही शोभायचं. मला नाही." मग ती थोडी वळली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "रात्री आता झोप लागते रे. दोन वर्षं लागत नव्हती. तुला सांगणार नव्हते."

वेंडल अस्तरावरून हात फिरवत राहिला. बिजागऱ्या वाकून तपासल्या. एक स्क्रू किंचित सैल होता, तो त्याने खिशातल्या चाकूने आवळून दिला.

"तुला काय बोलायचं होतं?" परतताना तिने विचारलं.

"भट्टीबद्दल. तुझ्या भट्टीची जाळी बदलायला झालीये."

तिला सोडून आम्ही निघालो, आणि गावाच्या वेशीपाशी त्याने मला गाडी थांबवायला लावली. मग म्हणाला, "सप्टेंबर संपेपर्यंत थांबतो. तिच्या कानावर गेलं तर ती उद्या जाऊन पेटी परत करेल. मी ओळखतो तिला. तुझ्या तोंडून गेलं तर तुझी पन्हाळ उचकटून काढेन." मी शब्द दिला. तो मी पाळला आहे, आणि इतकं कठीण काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

त्या हिवाळ्यात, भट्टी बंद ठेवल्यामुळे, वेंडलच्या खिडक्यांवर आतून बर्फाची नक्षी धरायची. कोट घालून तो जेवायचा. त्याला आमच्याकडे जेवायला बोलावलं की तो यायचा, पण आल्यावर काहीतरी दुरुस्त करायला मागायचा, त्यामुळे मार्चपर्यंत आमच्या घरात मोडकं असं काही उरलं नाही. मग माझी बायको एकेक वस्तू मुद्दाम मोडून ठेवू लागली. पगाराच्या उरलेल्या भागात हप्ता बसेना. उन्हाळा संपता संपता बँकेने घर घेतलं.

घर द्यायच्या आदल्या आठवड्यात तो रोज काहीतरी करत होता. गळका नळ दुरुस्त केला, जिन्याची करकरणारी पायरी ठोकली, मागच्या दाराला रंग दिला.

"कुणासाठी करतोयस?" मी न राहवून विचारलं.

"पुढच्या माणसाने काय म्हणायचं? इथे कुणी बेपर्वा राहत होता म्हणून?"

तो धुलाईच्या दुकानावरच्या एका खोलीत राहायला गेला. आर्लीनला सांगितलं की एवढं मोठं घर आता झेपत नाही, गुडघे दुखतात.

"गुडघे दुखतात म्हणून वरच्या मजल्यावर गेलास?" ती म्हणाली. "वेंड्या, तुझं डोकं त्या बसमध्ये राहिलंय."

सप्टेंबर संपला. वकीलबाईंनी त्याच तळघरात अर्ज पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातला, एके ठिकाणी तारीख बदलायला लावली, आणि वेंडलने तो स्वतःच्या हाताने कोर्टात नेऊन दिला. नोव्हेंबरात कँटनच्या कोर्टातून बोलावणं आलं. त्या दिवशी मार्लिसच्या अंत्यविधीला घातलेला सूट त्याने घातला होता, आणि खरं सांगतो, न्हाव्याकडे जाऊन आला होता.

खोलीत एक टेबल, मागे खुर्च्यांच्या रांगा. पत्रात या बैठकीला देणेकऱ्यांची सभा म्हटलं होतं. कोर्टाने नेमलेला माणूस सर्दीने बेजार होता. त्याने शपथ दिली आणि कागदावरची नजर न उचलता विचारू लागला.

"घर आहे?"

"नाही. आता नाही."

"वर्षभरात कुठल्या नातेवाईकाला पैसे दिलेत?"

"नाही साहेब," वेंडल म्हणाला, इतक्या मोठ्याने की त्या माणसाने नाकावरचा रुमाल काढून एकदा त्याच्याकडे बघितलं.

"कुणी देणेकरी हजर आहेत?" त्याने खोलीला विचारलं. कुणीच नव्हतं. "झालं. पुढचे."

वेंडल उठला नाही. मागच्या रिकाम्या रांगांकडे बघत राहिला. पुढची बाई कागद घेऊन उभी राहिली तेव्हा मी त्याचा दंड धरून त्याला बाहेर आणलं.

"हॉस्पिटलचं कुणीच आलं नाही," गाडीत बसल्यावर तो म्हणाला.

"ते येत नाहीत कधी. वकीलबाई म्हणाल्या होत्या."

"मला वाटलं एखादा तरी येईल." त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "माफी मागायची होती. त्यांनी शेवटपर्यंत नीट केलं तिचं. तिसऱ्या मजल्यावरची ती नर्स तर सुट्टीच्या दिवशी यायची. बिल बुडवतोय, निदान समोर उभं राहून सांगावं."

मी गाडी सुरू केली नाही. वाच, म्हणालो. त्याने चष्मा लावला, घसा साफ केला, आणि समोरच्या काचेकडे तोंड करून सगळं वाचून दाखवलं.