राबियाबाईंची सही

राबियाबाईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती लंडनमधल्या इल्फर्डच्या सुपरमार्केटमध्ये. संध्याकाळी पिवळं लेबल लावून कमी किमतीला पाव ठेवतात, तिथं. मी दोन उचलले होते. शेजारी काळ्या कोटातल्या, ताठ उभ्या राहणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एकच घेतला आणि मला हिंदीत विचारलं, "घरी किती माणसं?" मी म्हटलं, दोघं. त्या नुसत्या पाहत राहिल्या. मी एक पाव परत ठेवला. शाळा सोडून कितीही वर्षं होवोत, बाईंची नजर ओळखू येतेच.

पुढे कळलं, त्या खरोखरच बाई होत्या. काबूलच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवता शिकवता मुख्याध्यापिका झालेल्या. लायब्ररीत दर गुरुवारी आमचा बायकांचा गट जमतो, तिथं त्या येऊ लागल्या. गटानं त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त ही पुस्तिका काढली आहे आणि जिनं तिनं आपापल्या भाषेत लिहायचं ठरलं आहे. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

पंचाहत्तरी म्हणते खरी, पण त्यांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. कागदावर एक जानेवारी आहे, ती इथल्या अधिकाऱ्यांनी घातलेली. बाई स्वतः आयुष्य राजवटींवर मोजतात. राजाच्या काळात नोकरी लागली. कम्युनिस्टांच्या काळात लग्न. रशियन रणगाडे असताना मुलगा झाला. मुजाहिदीन एकमेकांवर रॉकेट टाकत होते, तेव्हा यजमान पाव आणायला म्हणून बाहेर पडले, ते परत आले नाहीत. शाळेच्या भिंतीवर खिळा तोच राहिला, तसबिरी तेवढ्या बदलत गेल्या, असं त्या सांगतात.

मग त्या मुलाला घेऊन पेशावरच्या छावणीत गेल्या. तिथल्या गणिताच्या पुस्तकात मुलांना काडतुसं मोजायला दिलेली असत. बाई फळ्यावर तेच गणित लिहीत, काडतुसांच्या जागी जर्दाळू घालून. तालिबान गेल्यावर काबूलला परतल्या आणि निवृत्तीनंतरही शाळेत जात राहिल्या. पुढे तालिबान पुन्हा शहरात शिरले. मुलगा ब्रिटिश सैन्याचा दुभाष्या होता, म्हणून कुटुंबाला विमानात जागा मिळाली. निघण्याआधी बाईंनी शाळेची निकालाची सगळी रजिस्टरं शेजारच्या तंदूरमध्ये जाळली. त्यांत मुलींची नावं, वडिलांची नावं, पत्ते होते. ते कुणाच्या हाती पडायला नकोत. टाकण्याआधी प्रत्येक पान एकदा वाचलं, म्हणाल्या. मुलगा दारात उभा राहून घाई करत होता.

आता त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी जिथं असतील तिथून फोन करतात. कुणी ऑफिसं झाडते, तिला नर्सिंगला जायचं असतं, पण शिकल्याचा पुरावा नसतो. बाई विचारतात, कुठल्या बाकावर बसायचीस? हजेरीत तुझ्या आधी कुणाचं नाव? खात्री पटली की पत्र लिहून खाली सही करतात. काही कॉलेजं ते मानतात, काही नाही. पाकिटं टाकायचं काम माझ्याकडे आहे.

त्या प्रेमळ आहेत, हेही सांगायला हवं. माझी संकष्टी असते आणि इथं ढगांत चंद्र दिसायची मारामार. त्या वरच्या मजल्यावर राहतात. दिसला की फोन करतात, "निघाला तुमचा चंद्र, जेवा. आमच्या रोज्याला निदान ठरलेली वेळ असते."

पण एकदा मी त्यांच्यावर रागावले. त्यांच्या धाकट्या भावाची नात मरियम काबूलमध्ये आहे. मुलींच्या शाळा बंद झाल्या तेव्हा ती बाईंच्याच शाळेतून अकरावी झाली होती. देशाबाहेरच्या एका कॉलेजात तिला जागा मिळत होती, फक्त बारावीचं पत्र हवं होतं. भावानं फोनवर विनवलं. मी तिथंच बसले होते. मीही म्हटलं, एका वर्षानं काय बिघडतं, पोरीची सुटका तरी होईल.

बाई म्हणाल्या, "रजिस्टर मी जाळलं. आता रजिस्टर मीच आहे. त्यात एक नाव खोटं निघालं, तर बाकीच्या मुलींचं काय?"

त्यांनी लिहिलं, अकरावी उत्तीर्ण, बारावीला बसू दिलं नाही. पाकीट मीच टाकलं. कॉलेजचा नकार आला. भावानं बोलणं सोडलं. मरियमनं एवढंच लिहून पाठवलं, "तुमची सही तुमच्यापाशीच ठेवा." बाईंनी मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे."

त्यांचं बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. देवापुढे बसले की ती मुलगी आठवते.

त्यानंतर बाई रोज तिला बारावीच्या गणिताचा एक धडा फोनवर रेकॉर्ड करून पाठवू लागल्या. उत्तर यायचं नाही. कित्येक महिने आलं नाही. मग एका गुरुवारी गटात जेवताना त्यांच्या फोनवर फोटो आला. सोडवलेलं एक गणित, ना सलाम ना खुशाली. बाईंचं ताट तसंच राहिलं. "दुसऱ्या पायरीला चुकली आहे," त्या म्हणाल्या, आणि जेवण होईपर्यंत त्या फोटोवरून नजर काढली नाही.

आता त्या मरियमची बारावीची परीक्षा स्वतः घेणार आहेत, सगळे विषय, पूर्वीसारखे कडक. मी विचारलं, ही परीक्षा कुठलं सरकार मानणार? म्हणाल्या, "सरकारं बदलतात. मी मानेन."

गणित अर्धं झालं आहे, भूगोल अजून सुरूही नाही. तिकडे वीज असेल त्या दिवशीच धडा पोचतो. इकडे बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि हॉस्पिटलची तारीख अजून यायची आहे. पेपर तपासायला दुसरं कुणी नाही. म्हणून मी गजाननापाशी मागते, राबियाबाईंची नजर स्वच्छ राहो, हात स्थिर राहो, मरियमच्या पत्रावर त्यांची सही होईपर्यंत त्यांना आयुष्य लाभो. आणि बाईंना मी ओळखते. ती नापास झाली तर त्या तिला नापासच करतील, तेव्हा तिला पुन्हा बसवण्याइतकी वर्षं देवानं वर द्यावीत.