आढ्यावरचा भाडेकरू

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, भाडेकरूंच्या हक्कांसाठी नागभीड परिसरात आजवर एकच माणूस कवेलूंतून, म्हणजे छपरावरच्या कौलांतून, खाली गेला आहे. तो मी.

आमचं घर म्हणजे घरमालक गुलाबभाऊंच्या घराची मागची बाजू. छप्पर एकच. आढ्याच्या पुढचा उतार त्यांच्यावर, मागचा आमच्यावर. गुलाबभाऊंना आमच्या खोल्यांत मेव्हण्याचं दुकान काढायचं होतं. आणि आमची सुरेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना! मी म्हटलं, "बाळंतपण होऊ द्या भाऊ, मंग बोलू." उन्हाळ्यात सगळेच कवेलू फेरतात, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवतात, तसे गुलाबभाऊही कवेलू फेरणाऱ्या लहानूला घेऊन आले, आमच्या बाजूची सगळी कवेलू उतरवून अंगणात रचली, आणि फेरणं तिथेच संपलं.

"चढवता कवा?" मी विचारलं.

"तुमी सामान हालवलं का चढवतो."

सुरेखा खाटेवर पडून आभाळ पाहत होती. तिची आई माझ्याकडे पाहत होती. (आभाळ बरं.)

मी कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. वीज-पाणी तोडून नाही, छप्पर उतरवूनही नाही. तुम्ही भाडं भरत राहा, पावती मागा, ताबा सोडू नका. नोटीस मी पाठवते."

"बाई, छप्पर बी ताब्यात येते का?"

"घराचाच भाग आहे ना तो!"

एवढ्यावर घरी येऊन गप्प बसलो असतो, तर काम नोटिशीवर भागलं असतं. पण मी दरवर्षी झाडीपट्टीच्या नाटकात राजा होतो, आणि राजा टपालाची वाट पाहत नाही. शिडी लावली आणि आढ्यावर जाऊन बसलो.

"अवो, तिथी काऊन चढले?" बायकोनं खालून विचारलं.

"ताबा ठेवून राह्यलो!"

"घरात बसून ठेवता येत नाई का?"

तोवर गल्ली जमली. प्रेक्षक दिसले की राजाला उभं राहावंच लागतं. "गुलाबभाऊ, हुकूम दाखवा कोर्टाचा!" असं गरजत मी एक पाय ऐटीत टाकला. मागच्या बाजूला नुसते बांबू, म्हणून तो पुढच्या, म्हणजे गुलाबभाऊंच्या कवेलूंवर टाकला. त्या कवेलूंना माझ्या वजनाची आगाऊ सूचना नव्हती.

मी थेट त्यांच्या ढोलीत! ढोली म्हणजे धान साठवायची, बांबूची, शेणानं सारवलेली, माणसाहून उंच कणगी. मी छातीपर्यंत धानात आणि डोक्यावर अर्धं कवेलू.

"निंघा माह्या घरातून!" गुलाबभाऊ धावत आले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "नोटीस देल्ली का?"

गुलाबभाऊ काठी शोधायला वळणार, तेवढ्यात त्यांच्यामागून आलेल्या लहानूनं भोकातून वर पाहिलं. चांगलंच भरून आलं होतं. "भाऊ, पानी येऊन राह्यलं. धान भिजन."

"मंग बुजव ना ते!"

"आढ्यावरच्या कवेलूले दोन्हीकून टेका लागते. मांगचा उतार भरल्याबिगर पुढचं पानी थांबत नाई."

गुलाबभाऊंनी धानाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहायचं टाळलं. मग स्वतः कवेलू वाहायला लागले. पाऊस यायच्या आत सुरेखाच्या डोक्यावर छप्पर होतं. पुढे वकीलबाईंची नोटीस पोचली, मेव्हण्यानं दुकान बसस्टँडजवळ काढलं, आणि दवाखान्यातून नातू याच घरात आला.

बारशाला गल्लीभरचे पाहुणे जमले. ही लढाई मी कशी जिंकली ते सांगावं म्हणून उभा राहिलो, घसा साफ केला, हात उंचावला. पाळण्याची दोरी ओढता ओढता बायको सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "कायदा वकीलबाईनं सांगतला, कवेलू लहानूभाऊनं चढवले. याईनं फक्त पडून देल्लं."