सही अक्षराची, आकडा दुसऱ्याचा

उदगीरच्या मडिवाळप्पांची लेक अक्षरा चार वर्षं सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासत होती. नेमणूक मात्र एजन्सीची. दर अकरा महिन्यांनी करार नवा.

एका वाडीच्या हापशाचं पाणी तिनं तीनदा तपासलं. फ्लोराइड मर्यादेच्या दुप्पट! नमुना घ्यायला गेली तेव्हा तिथल्या लेकरांचे पिवळे दात तिनं पाहिले होते. तिनं अहवालात तसं स्पष्ट लिहिलं.

महिन्याभरानं त्या वाडीच्या आशा आरोग्यसेविका गुणाबाई तिला बसस्टँडवर भेटल्या. "बरं झालं मॅडम, पाणी चांगलं निघालं. आता समदे हापशाचंच पिऊन राहिलेत," म्हणत त्यांनी मोबाइलवर अहवाल दाखवला. 'पिण्यास योग्य.' पहिलं पान बदललेलं, दुसऱ्या पानावर सही अक्षराची.

वरून अहवाल दुरुस्त झाला की हापसा लगेच बंद होईल, असं तिला वाटलं.

तिनं वरच्या कार्यालयाला तक्रार पाठवली. 'नाव गुप्त ठेवावे' असंही लिहिलं. पाचव्या दिवशी प्रयोगशाळेच्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर तिच्याच अक्षरातली तक्रार.

"साहेब, हे तर मी वर पाठवलं होतं..."

"वरूनच आलंय. उद्यापासून येऊ नका."

करार संपायला पाच महिने होते. तिनं दाद मागितली. उत्तर आलं: 'आपण या कार्यालयाच्या कर्मचारी नसल्याने आपणांस संरक्षण देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.' तिनं ते तीनदा वाचलं. मडिवाळप्पा आपल्या भुसार दुकानात तराजूजवळ उभे होते. ते म्हणाले, "चार वर्षं तुझ्या सह्या चालल्या की त्यांना! तवा कोण होतीस तू?"

अक्षरानं पत्र घडी घालून ठेवून दिलं. पण वाडीतली लेकरं रोज तेच पाणी पीत होती. तिनं तपासणीचं किट विकत घेतलं आणि थेट वाडीच्या शाळेपुढं गेली. माणसं जमली. हापशाच्या पाण्यात औषधाचे थेंब पडले, गुलाबी रंग बघता बघता पिवळा झाला.

"पिवळा म्हंजे?" गुणाबाईंनी विचारलं.

"म्हणजे पिऊ नका."

गुणाबाईंनी ती बाटली स्वतः हातात घेऊन पाहिली. "आगं माय! घरोघरी जाऊन म्याच सांगितलं, प्या म्हणून."

मग दोघा-तिघांनी बैलाची साखळी आणून हापशाचा दांडा बांधून टाकला. ग्रामसभेनं दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला, तिथंही तेच निघालं. हापशाला धोक्याचा लाल रंग दिला, टँकर सुरू झाला.

पान कुणी बदललं, याची चौकशी झाली नाही. साहेब खुर्चीवरच राहिले. गुणाबाईंनी अक्षराला साहेबांच्याच कार्यालयानं काढलेल्या हापसाबंदीच्या आदेशाचा फोटो पाठवला. त्यात लिहिलं होतं: 'या कार्यालयाच्या दक्षतेमुळे दूषित स्रोत वेळीच उघडकीस आला.'

अक्षरा तेव्हा वडिलांच्या दुकानात बसली होती, गिऱ्हाईक तुरीचा भाव विचारत होतं. अक्षराला ऐकूच आलं नाही.