माझ्या नावाने गेलेले मेसेज

मला कॅन्सर आहे हे मला शाळेच्या ऑफिसातल्या संगणकावर कळलं. शनिवार होता, सकाळची शाळा. समोर डॉक्टर नव्हते, घरचं कोणी नव्हतं, हातात माझा फोनसुद्धा नव्हता. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी ओटीपी हवा होता म्हणून मी संगणकावर मेसेजचं पान उघडलं, तर ओटीपीच्या खाली हॉस्पिटलचा मेसेज. माझं नाव, सोमवार, सकाळी आठ, उपाशीपोटी यावे. आणि ऑपरेशनच्या रकान्यात तीन अक्षरं, एमआरएम.

मला सांगितलं होतं की डाव्या छातीतली साधी गाठ काढायची आहे, संध्याकाळपर्यंत घरी. ती तीन अक्षरं मी तिथेच शोधली. मॉडिफाइड रॅडिकल मास्टेक्टॉमी. म्हणजे स्तन पूर्ण काढायचा आणि काखेतल्या गाठीही काढायच्या. कॅन्सर असेल तर करतात. बाहेर मधली सुट्टी झाली होती आणि पोरं नळावर भांडत होती.

हे मेसेज फोनशिवाय कसे दिसले ते सांगते. नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षं लिपिक आहे, आता मुख्य लिपिक. सरकारी पोर्टलवर काहीही भरायचं म्हटलं की मोबाइलवर ओटीपी येतो, आणि आमच्या मुख्याध्यापकांचा नियम असा की ऑफिसात मोबाइल कपाटात राहील. म्हणून वर्षापूर्वी मी माझा फोन संगणकाला जोडला. पडद्यावरचा चौकोन फोनने एकदा स्कॅन करायचा. मग फोन कपाटात असो की घरी, तो चालू असला आणि त्याला नेट असलं की त्यातले मेसेज संगणकावर वाचता येतात, तिथून लिहिताही येतात. घरी हे कोणाला ठाऊक नव्हतं. मी ऑफिसचं काही सांगायला लागले की आमचे हे टीव्हीचा आवाज वाढवतात.

फोन घरी का होता, हेही ऐका. गाठ मला अंघोळ करताना लागली होती. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने अंगावर काढले. ती माझी चूक, ती दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही. बायांनो, न दुखणारी गाठच आधी दाखवा. मला शेवटी मंदाने हॉस्पिटलमध्ये पाठवलं. मंदा म्हणजे निफाडची माझी मैत्रीण, डीएडला एका खोलीत राहायचो. ती फोनवर म्हणाली, "तू जाती का मी येऊन नेऊ तुला?"

हॉस्पिटलमध्ये पहिला फॉर्म मी स्वतः भरला. मोबाइल नंबरच्या रकान्यात माझा नंबर लिहिला. मग मॅमोग्राफी झाली, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पाट्यांमध्ये दाबून काढतात, डोळ्यांत पाणी येतं पण लवकर संपतं. मग बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवणं. त्यानंतर आठ दिवस वाट बघायची. त्या आठ दिवसांत मी घरातली प्रत्येक बरणी घासून काढली.

रिपोर्टच्या दिवशी बाहेरच्या बाकावर हे मला म्हणाले, "तू बस, आत एकालाच सोडतात. मी विचारून येतो." मी बसले. हे बाहेर आले तेव्हा तोंड धुऊन आले होते, शर्टाची कॉलर ओली होती. "साधी गाठ आहे. काढून टाकू," म्हणाले. मी इतकी खूश झाले की यांना मिसळ खायला घेऊन गेले. यांनी दोन घास खाल्ले आणि ताटली सरकवली. मला वाटलं, रस्सा तिखट झाला असेल.

दुसऱ्या दिवशी यांनी माझा फोन घेतला. "डॉक्टरांनी सांगितलंय, ऑपरेशन होईपर्यंत मोबाइल लांब ठेवायचा. त्याच्या लहरी गाठीला चांगल्या नसतात." आणि मी ते मानलं! शिक्का तपासल्याशिवाय कोणाला दाखला न देणारी बाई मी. पण सांगणारा नवरा होता, तीस वर्षांचा संसार होता, म्हणून शिक्का बघितला नाही. त्याच आठवड्यात आमची मुलगी प्रज्ञा पुण्याहून आली. कंपनीने घरून काम दिलंय म्हणाली. मला वाटलं, लेकीला आईची आठवण आली.

फोन गेल्यापासून ते पान मी पहिल्यांदाच उघडलं होतं. त्या शनिवारी मी मेसेज खालून वर वाचत गेले. हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर बाईंनी आठवड्यापूर्वी विचारलं होतं. गाठ लहान आहे, दोन मार्ग आहेत. एकात फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन द्यायचं, दुसऱ्यात पूर्ण स्तन काढायचा. डॉक्टर मॅडमनी विचारलं आहे, पेशंटची इच्छा काय आहे?

हा प्रश्न माझ्या नंबरवर आला होता. उत्तर अकरा मिनिटांत गेलं होतं. "पूर्ण काढून टाका, एकदाचं. पेशंटला काही सांगू नये. साधी गाठ आहे असे सांगितलेले आहे. सह्या मी करतो."

मला राग आला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सोमवारी मी भुलीतून उठले असते आणि छातीला हात लावला असता, तेव्हा हे मला काय सांगणार होते? तेव्हाही साधी गाठच म्हणणार होते का?

मग मंदाचे मेसेज दिसले. तिने चार वेळा विचारलं होतं, रिपोर्टचं काय झालं. तिला उत्तर होतं, "मंदा, मी मजेत आहे.. साधी गाठ आहे.. एवढ्यासाठी यायची दगदग करू नकोस.. ऑपरेशन झालं की मीच येते निफाडला.. जय भीम."

मी वाक्य संपलं की दोन टिंबं देते. ती माझी सवय आहे आणि प्रज्ञा त्यावरून मला नेहमी चिडवते. यांना मोबाइलवर एक टिंब सापडायला पाच मिनिटं लागतात. हे लेकीने लिहिलं होतं. माझ्या नावाने, माझ्या बोलण्यात, माझ्या टिंबांसकट. यांचं वाचून संताप झाला होता, लेकीचं वाचून रडू फुटलं. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला मीच "येऊ नकोस" म्हटलं होतं आणि ते मला माहीत नव्हतं.

मी रडले, तोंड पुसलं आणि सगळे मेसेज छापून काढले. तीन पानं झाली. पंच करून फायलीला लावली. सव्वीस वर्षांची सवय, कागद हातात असला की मला धीर येतो. मग त्याच संगणकावरून कोऑर्डिनेटर बाईंना लिहिलं, "मी स्वतः पेशंट लिहीत आहे. आधीची उत्तरे माझी नाहीत. मी आत्ता डॉक्टर मॅडमना भेटायला येत आहे." आणि रिक्षा केली.

तिकडे घरी काय झालं ते मला नंतर कळलं. माझा फोन यांच्या खिशात होता. यांनी तो हॉस्पिटलचा मेसेज बघायला काढला, तर आपण न लिहिलेलं आपल्या हातातल्या फोनवर लिहिलेलं. ते प्रज्ञाला ओरडून म्हणाले, "अगं, हा फोन आपोआप बोलायला लागला!" प्रज्ञाला क्षणात समजलं. ती फक्त म्हणाली, "पप्पा, मम्मीला कळलं."

डॉक्टर मॅडमनी मला लगेच आत घेतलं. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण बोलणं सरळ. मी फाईल टेबलावर ठेवली. त्यांनी तिन्ही पानं वाचली.

"मिस्टर म्हणाले की तुम्हाला बीपी आहे, धक्का सहन होणार नाही."

"आत्ता मोजा," मी म्हटलं.

सिस्टरने मोजलं. एकशे छत्तीस, खाली अठ्ठ्याऐंशी. मॅडमनी तो आकडा केसपेपरवर लिहिला. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी तुम्हाला समोर बसवून विचारायला हवं होतं. नातेवाईक रोज असंच सांगतात, आम्हीही ऐकून घेतो." एवढं म्हणणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत. पण त्यांनी माफी मागितली म्हणून ती चूक लहान झाली नाही, हेही मी त्यांना सांगितलं.

मग त्यांनी माझा रिपोर्ट मला वाचून दाखवला. इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे दुधाच्या नळीत सुरू होऊन बाहेर पसरू लागलेला कॅन्सर. आकार दोन सेंटिमीटरच्या आत. लवकर सापडला. दोन्ही मार्गांनी जगण्याची शक्यता सारखीच. गाठ काढली तर पुढे काही आठवडे रोज रेडिएशनला यावं लागेल. पूर्ण काढलं तर बहुतेक ते लागणार नाही. केमोथेरपी, म्हणजे शिरेतून द्यायची औषधं, त्याचं ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर ठरेल. "निवड तुमची," त्या म्हणाल्या, "आणि सहीसुद्धा तुमची."

इतक्यात दार उघडून हे आणि प्रज्ञा आत आले. यांच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या.

"सुनंदा, ऐक," हे म्हणाले. "माझ्या आईला कॅन्सर झाला तेव्हा तिला सांगितलं होतं. तिनं त्याच दिवशी ताट लोटलं. पंधरा दिवसांत गेली. मी लय घाबरलो होतो गं."

"तुमच्या आईला सांगितलं होतं ना? मग मला का नाही?"

हे म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस. इंजिन बिघडलं की ड्रायव्हरला न विचारता खोलायचं आणि दुरुस्त करून द्यायचं. मी काय एसटी आहे?

प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, मंदामावशी आली असती तर तिच्या तोंडावरून तुला कळलं असतं. म्हणून…"

"म्हणून तू मी झालीस," मी म्हटलं.

मी ऑपरेशन गुरुवारवर ढकललं. मला विचार करायला चार दिवस हवे होते. माझा फोन परत घेतला आणि पहिला मंदाला लावला. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आली. तिला मी मेसेज दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलंच व्हतं काहीतरी. तू कधी ये म्हणायचं सोडून येऊ नको म्हणती का?" मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता ती रडायला लागली.

चार दिवस मी खूप विचार केला. आरशासमोर उभी राहिले. रोज रेडिएशनला जायचं, दर वेळी आत काही उरलंय का ही धाकधूक ठेवायची, हे मला झेपणार नाही असं वाटलं. दुसऱ्या एखादीला ते झेपेल आणि तिचंही बरोबर असेल. बुधवारी मी पूर्ण काढायच्या कागदावर सही केली, प्रत्येक पान वाचून.

हे शेजारीच होते. सही बघून यांना सुटल्यासारखं झालं. म्हणाले, "शेवटी तेच केलंस ना? मग एवढं कशाला ताणलंस?"

ते ऐकून मला परत सगळं नव्याने लागलं. फरक त्यांना अजून कळलेला नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही काढणार होतात. आता मी काढून घेते आहे." त्यांना कळलं की नाही, माहीत नाही.

ऑपरेशन नीट झालं. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या, म्हणजे कॅन्सर तिथवर पोचला नव्हता. मला ड्रेन लावून घरी सोडलं. ड्रेन म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर यायला लावलेली नळी आणि तिला बाटली. ती बाटली दोन वेळा हे रिकामी करायचे, किती मिली ते वहीत लिहायचे. प्रज्ञा माझे केस विंचरायची. त्यांनी माझी सेवा केली तशी कोणी करणार नाही, आणि त्याआधी माझ्यापासून लपवून जे केलं तेही मी विसरलेले नाही. या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात, एकमेकींशी बोलत नाहीत. केमो चार वेळा झाली. आता तपासणीला मी एकटी आत जाते, हे बाहेर बाकावर बसतात.

तुमच्यापैकी कोणी असा रिपोर्ट हातात घेऊन बाहेर उभं असेल, तर एवढंच सांगते. आत बसलेली बाई घाबरेल, रडेल, कदाचित ताटही लोटेल. पण ताट तिचं आहे. आणि तिच्या नावाने कोणाला एक ओळही लिहू नका.

शेवटची केमो झाली त्यानंतरच्या पौर्णिमेला घरी वंदना ठेवली. मंदा आली होती. यांनी नेहमीसारखी पंचशील म्हणायला सुरुवात केली, आम्ही मागून म्हणत होतो. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे यांचा आवाज थांबला. प्रज्ञा जमिनीकडे बघत होती. मला ती ओळ पाठ आहे, मी सहज पुढे म्हटली असती. म्हटली नाही. हात जोडून थांबले.

बराच वेळ गेला. मग यांनी ती म्हटली, अगदी हळू, प्रत्येक शब्द सुटा करून. त्यांच्या मागे प्रज्ञाने म्हटली.

पाचवं शील आम्ही चौघांनी एकदम म्हटलं.