गोळा फुगेपर्यंत

दुपारचे अडीच वाजले आहेत आणि मी दिवाणावर आडवा झालोय, पण झोपणार नाही. एक तास नुसतं पडायचं, एवढंच. ओट्सच्या पाकिटाच्या मागे छापलेल्या पावाच्या कृतीत लिहिलंय की पीठ मळून, गुळगुळीत गोळा करून, ओल्या फडक्याखाली तासभर उबदार जागी ठेवावं. तसं ठेवलंय. एप्रिलातल्या साताऱ्यात उबदार जागा शोधावी लागत नाही. आता साठ मिनिटं म्हणजे साठ मिनिटं. बत्तीस वर्षं सरकारी भूमापक म्हणून लोकांची शेतं मोजली, तेवढी शिस्त अंगात मुरलेली आहे.

हा माझा तिसरा पाव. पहिल्या वेळी यीस्टवर उकळतं पाणी ओतलं आणि पावाची वीट झाली. दुसरा ओव्हनमध्ये झकास फुगला आणि दार उघडल्याबरोबर बसला. सत्तराव्या वर्षी हे कुठलं खूळ, असं आमची लेक अनघा पुण्याहून फोनवर विचारते. वेळ जात नाही, असं मी तिला सांगतो. खरं कारण फडताळात आहे. तिथे ओट्सची तीन पाकिटं उरली आहेत आणि पुढच्या महिन्यात त्यांची मुदत संपते. टाकून द्यायला मन होत नाही आणि त्यांची पेज माझ्या घशाखाली उतरत नाही.

ती पाकिटं कालिंदीसाठी आणलेली. कालिंदी माझी बायको, तिला जाऊन सात महिने झाले. शेवटी शेवटी ती या पेजेवरच होती, कारण दवाखान्यातून मिळालेल्या पथ्याच्या कागदावर तेच लिहिलं होतं. जाण्याच्या दोन दिवस आधी ती म्हणाली, "अहो, चहात बुडवून पाव खावासा वाटतोय. एकच घास." मी उठलो, कागद आणला आणि पावासमोरची फुली तिला दाखवली. तिने मान हलवली. त्यानंतर तिने काही मागितलं नाही.

तो एक घास माझ्या छातीवर बसलाय. कुणाला द्यावा म्हणजे तो उतरेल, ते कळत नाही.

पंखा फिरतोय. त्याचा आवाज लांब जातो, जवळ येतो, पुन्हा लांब जातो. स्वयंपाकघरात भांडं सरकल्यासारखं वाटतं. मांजर असणार. मी उठून बघायला जातो, पण दिवाणावर कुणीतरी झोपलेलंच आहे आणि त्याच्या पायात माझे मोजे आहेत. असू दे म्हणून मी पुढे होतो.

ओट्याशी कालिंदी उभी आहे. फडकं उचलून ती पातेल्यात डोकावतेय.

"हे काय हो?"

"पाव. ओट्सचा."

"ओट्स?" ती कपाळाला हात लावते. "मेल्यावरसुद्धा सुटका नाही म्हणायची."

मला नवल वाटत नाही. एवढा उशीर का केलास, असं मात्र विचारावंसं वाटतं.

"आणि हे असं ठेवतात होय? बोटं नाही उमटवलीत?"

अडतीस वर्षं मी पाहिलंय. कणीक मळून झाली की कालिंदी तिच्यावर चार बोटं दाबायची आणि मगच झाकण ठेवायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

"कृतीत गुळगुळीत असं लिहिलंय," मी म्हणतो.

"कृतीला काय कळतंय! असा गोल गुळगुळीत गोळा ठेवला की तो पिंडासारखा दिसतो. गेलेल्या माणसाला वाटतं, आपल्यालाच बोलावलंय. म्हणून बोटं उमटवायची."

"म्हणून आलीस?"

"एवढं बोलावल्यावर येऊ नको?"

ओट्याखालची फरशी जिथे संपते तिथून काळी ढेकळं सुरू होतात. हे फलटणजवळचं रान आहे, मी नोकरीच्या पहिल्या वर्षी मोजलेलं. ज्वारी निघून गेलीय. मोजणीची साखळी बांधापासून निघून आमच्या गॅसच्या सिलिंडरपर्यंत आलीय. कालिंदी हद्दीच्या दगडावर बसलीय आणि पातेलं तिच्या मांडीवर आहे. तिचे केस सगळे काळे आहेत.

"इथे तू कधी आली नव्हतीस," मी म्हणतो.

"तुम्ही आणलंत कुठे? रोज संध्याकाळी नुसता चिखल आणायचात घरी." ती गोळ्यावरून तळहात फिरवते. "मऊ झालंय हो. पाणी किती घातलंत?"

"तीनशे मिली. कोमट. थर्मामीटर लावून."

"थर्मामीटर!" ती खो खो हसते. "अहो मोजणीवाले, बोट बुडवून बघायचं. चटका बसला नाही की झालं कोमट."

मीही हसतो. हसताना छातीत दुखतं, इतक्या दिवसांत ती सवयच राहिलेली नाही. मला वाटतं, हे रान मोजून कधी संपूच नये. तिने दगडावर बसावं, मी साखळी ओढत राहावं आणि तिने माझी टिंगल करावी, बस.

"चहा टाका ना," ती म्हणते.

मी चहाचं भांडं शोधायला वळतो तर समोर दवाखान्याची लांब ओसरी आहे. आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलोय. पातेलं आता माझ्या मांडीवर आहे आणि ते गरम लागतंय. पलीकडच्या खिडकीतून एकेकाचं नाव पुकारलं जातंय.

"पाव कधी होईल?" कालिंदी विचारते. ती खिडकीकडे बघतेय.

मी घड्याळ बघतो. "हा तास झाला की साच्यात पाऊण तास. मग भाजायला चाळीस मिनिटं. आणि गरम कापायचा नाही म्हणे, अर्धा तास निवायला."

"तेवढा वेळ नाही हो मला. माझं नाव येईलच आता." ती पातेल्याकडे हात पुढे करते. "असाच द्या जरासा."

"कच्चा? छे, छे. कच्चं पीठ खाऊ नये, कालिंदी. पोटात दुखेल."

माझेच शब्द मला ऐकू येतात. ती रागावत नाही. तेव्हा हलवली होती तशीच मान हलवते आणि हात मागे घेते. माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेलाय. तिथे पथ्याचा कागद आहे, घडी घातलेला. मला माझा इतका संताप येतो की डोळ्यांपुढे अंधारी येते. आता कसलं पोट आणि कसलं दुखणं!

मी हात खाली घेतो आणि पातेलं तिच्यापुढे धरतो.

"घे. हवा तेवढा घे. माझं चुकलं गं. तेव्हाही चुकलं."

"माहितीये मला," ती म्हणते. "घाबरला होतात तुम्ही. कागद धरला की तुम्हाला धीर येतो."

ती पातेल्यात हात घालते. खिडकीतून नाव पुकारलं जातं. मला तिला खाताना बघायचंय. एकदाच, तिचा गाल हललेला बघायचाय. पण ती पाठमोरी होते, नाव पुन्हा पुकारलं जातं आणि त्याची शिट्टी होते, वरच्या मजल्यावरच्या कुकरची.

चार वाजायला आलेत. मी दिवाणावर आहे आणि उशी ओली झालीय. ती खाताना काही दिसली नाही, एवढंच मनात येतं आणि मी लहान पोरासारखा रडतो. मग पिठाची आठवण होते. तासाच्या वर वीस मिनिटं गेलीत.

स्वयंपाकघरात कुणी नाही. फडकं पातेल्याभोवती मी खोचलं होतं तसंच आहे. मी ते सोडवतो. गोळा दुप्पट होऊन काठाला लागलाय. उजव्या अंगाला त्याचा एक लचका तोडलेला आहे. तुटल्या जागी पिठाचे चिकट तंतू दिसतायत आणि ओट्सचे ओले दाणे. मी माझे हात उलटसुलट करून बघतो. ते कोरडे आहेत, नखंही स्वच्छ आहेत.

जरासा म्हणाली होती. हा तर चांगला मूठभर आहे, तीन पोळ्या होतील एवढा. मी ओट्याला धरून उभा राहतो.

केवढी भूक लागली होती तिला.